कल्पित विश्वांना जामीनदार कशाला?

थंडी पडली की बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरू लागतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा. शेतकरी आणि शिक्षक वर्गणी काढून मांडव घालतात, ग्रंथदिंडी निघते, आणि दुपारच्या परिसंवादात कधीकधी खरोखरच भांडण होतं. सध्या अशा मांडवांतून आणि कॉलेजांच्या स्टाफरूममधून एक भांडण फिरतं आहे. आमच्याकडची एम.ए., पीएच.डी. करणारी काही मुलं अभ्यासाला फँटसी घेऊ लागली आहेत. नकाशावर नसलेले देश, तिथली राजघराणी, तिथल्या भाषा, तिथली जादू. एक बाजू म्हणते, हा काय पोरखेळ लावलाय? दुसरी बाजू घाईघाईने उत्तर देते, पोरखेळ कसला, त्यात केवढा सामाजिक आशय आहे, आणि आपली पुराणं तरी दुसरं काय होती? मला दोन्ही बाजूंचा वैताग येतो. दुसरीचा जरा जास्तच, कारण ती माझी बाजू आहे.

वरवर या दोन बाजू एकमेकींच्या विरुद्ध दिसतात, पण मागणी एकच करतात. सोसायटीचं कर्ज काढायला गेलं की सेक्रेटरी पहिल्यांदा विचारतो, जामीनदार कोण? तसं ही मंडळी कल्पित विश्वाला विचारतात. पहिल्या बाजूला जामीनदार दिसत नाही म्हणून ती अर्ज फेटाळते. दुसरी बाजू लगबगीने दोघांना धरून आणते, एक सामाजिक आशय आणि एक प्राचीन परंपरा. मुळात जामीन हवाच कशाला, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की रचलेल्या जगाचा अभ्यास त्या जगाच्या रचनेपासूनच सुरू झाला पाहिजे. तिथे काय घडू शकतं आणि काय घडू शकत नाही, हे कशावरून ठरतं? ते नियम वाचकाच्या गळी कसे उतरवले जातात? नियम मोडला तर वाचकाला तो कुठे खटकतो? हे जग ‘कशाचं प्रतीक’ आहे हा प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि तो प्रत्येक वेळी विचारलाच पाहिजे असंही नाही.

आधी विरोधकांचं म्हणणं नीट मांडतो, कारण ते हलकं नाही. सीमाभागातल्या मराठी शाळांचे वर्ग रोडावत आहेत. आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांच्याबरोबर जात आहेत. सौंदत्तीच्या वाटेवर जोगतिणी जी यल्लम्माची गाणी म्हणतात, त्यांत मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होते हे सांगता येत नाही, आणि त्यांची नीट नोंद करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. कुलगोडच्या तम्मण्णाच्या परंपरेतलं श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य याच जिल्ह्यातलं. घरात पहिल्यांदाच कुणी विद्यापीठाची पायरी चढलेलं असताना त्या मुलामुलीने चार-पाच वर्षं परक्या भाषेतल्या ड्रॅगनवर घालवावीत का, हा प्रश्न विचारणारा माणूस मागासलेला नसतो, त्याला आपल्या भागाची काळजी असते. आणि एखाद्या विभागात एकच जागा शिल्लक असेल, तर मीही ती ओव्या गोळा करणाऱ्याला देईन. पण प्रत्यक्षात निवड अशी होत नाही. फँटसीवर बंदी घातली म्हणून कुणी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला गेल्याचं मला ठाऊक नाही. ते विद्यार्थी गुपचूप स्पर्धा परीक्षेकडे वळतात.

विरोधाचा दुसरा धागा जुना आहे, आणि गंमत म्हणजे तो आमच्याच गावातून जातो. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, विधवांच्या हालांची कहाणी. ती लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले. म्हणजे मराठी कादंबरीने वास्तवाचं बोट पहिल्यांदा धरलं ते एका बेळगावकराच्या हातून. पण लगेच काय झालं? १८६१ साली हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, मागोमाग रिसबूडांची ‘मंजुघोषा’, आणि वाचक त्या अद्भुतरम्य जगांत रमले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी त्याच काळातल्या. मग १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून या प्रकाराची झडती घेतली. त्यांचं निदान मोठं बोलकं आहे. आमचं रोजचं जगणंच इतकं बेचव, लग्नाच्या आमच्या रीती अशा, की त्यावर लिहावं तर त्यात रंजक काही सापडत नाही. म्हणून लेखकाला नाइलाजाने अद्भुताकडे वळावं लागतं, असा त्यांचा रोख होता. अद्भुत हा त्यांच्या लेखी तोटा भरून काढायचा उपाय. तेव्हापासून मराठी समीक्षेने अद्भुताकडे असंच पाहिलं, खरं जगणं लिहिता येत नाही त्याची पळवाट म्हणून. पुढे हरिभाऊ आपटे आले, वास्तवाने बाजी मारली, आणि ती मारली हे चांगलंच झालं. पण जिंकलेल्याने हरलेल्याचं मोजमाप आपल्या फुटपट्टीने करावं का?

नेमकं हेच उर्दूत झालं होतं. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३पासून दास्तान-ए-अमीर हम्झा या तोंडी सांगितल्या जाणाऱ्या पराक्रमकथेचे खंडामागून खंड छापले, एकूण ४६. तिलिस्म म्हणजे जादूने रचलेली राज्यं, अय्यार म्हणजे वेषांतर करणारे हेर, जादूगार, एका जादूच्या राज्याच्या पोटात दुसरं. नंतरच्या समीक्षकांनी त्यावर कादंबरीचे निकष लावले. पात्रांचा विकास नाही, कथानकाला एकसंधपणा नाही, तेच ते पुन्हा येतं, म्हणजे नापास. उर्दू समीक्षक शम्सुर रहमान फारूकींनी हे सगळे खंड मिळवून वाचले आणि उलटा सवाल केला. ऐकवण्यासाठी जन्मलेली, शेवट जितका लांबवता येईल तितका लांबवण्यातच जिचं कौशल्य आहे अशी ही कला. तिला छापील कादंबरीच्या परीक्षेला बसवलंच कुणी? त्यांनी दास्तानला समाजसुधारणेचा शिक्का मारून वाचवलं नाही. तिचं काव्यशास्त्र तिच्यातूनच काढून दाखवलं. आमच्या मुलांनी गिरवायचा धडा हा आहे, आणि तो इंग्लंडहून आणायची गरज नाही.

आता ‘पळवाट’ या आरोपाकडे येतो, कारण सगळ्या भांडणाचा मुक्काम शेवटी तिथेच असतो. इंग्रज कादंबरीकार टोल्किन यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं. कल्पित विश्वांचा अभ्यास आज जिथून सुरू होतो त्यांतली ही एक मुख्य जागा. त्यात त्यांनी या आरोपाला दिलेलं उत्तर अजून कुणाला नीट खोडता आलेलं नाही. तुरुंगात पडलेल्याचं निसटणं आणि रणांगणावरून शिपायाचं पळून जाणं या दोन गोष्टी टीकाकार एकच समजतात, असं ते म्हणाले. कैद्याने भिंतीपलीकडचा विचार केला तर त्याला भित्रा का म्हणावं? तरीही १९५६ साली एडमंड विल्सनसारख्या मातब्बर अमेरिकन समीक्षकाने टोल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्रिखंडी कादंबरी पोरकट म्हणून निकालात काढली. आमच्या मांडवातला ‘पोरखेळ’ हा शब्द मोठ्या घराण्यातला आहे तर.

इथे दलित साहित्याच्या बाजूने येणारा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ज्यांचं जगणं शतकानुशतकं लिहिलंच गेलं नाही, त्यांनी आधी ते जगणं जसंच्या तसं कागदावर उतरवायचं, की नसलेल्या राजांच्या वंशावळी वाचायच्या? साठ-सत्तरच्या दशकांत अनुभवाच्या खरेपणाचा जो आग्रह धरला गेला, त्याने मराठी साहित्याची हाडं मजबूत केली. ते मान्य. पण त्याच परंपरेच्या मुळाशी संत रविदासांचा ‘बेगमपुरा’ आहे ना? जिथे दुःख नाही, काळजी नाही, कर नाही, जिथे कुणीही मनाला येईल तिथे फिरावं आणि कुणी अडवू नये, असं शहर. ते कुठल्या नकाशावर होतं? रोकेया सखावत हुसेन या बंगाली लेखिकेने १९०५ साली ‘सुलतानाचं स्वप्न’ लिहिलं. त्यात पुरुष पडद्यात आहेत आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर राज्य चालवतात. ही जगं ज्यांनी रचली त्यांना वास्तव ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? वास्तव फार ठाऊक असल्यावरही माणूस दुसरं जग बांधायला घेतो. मग ते बांधकाम कसं झालं याचा अभ्यास चैनीचा कसा?

इथपर्यंत समर्थक खूष होतील. आता त्यांची पाळी.

त्यांचा आवडता जामीनदार म्हणजे प्रतीक. ड्रॅगन म्हणजे सत्ता, अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, काळोखाचा राजा म्हणजे भांडवलशाही, नाहीतर हुकूमशाही, नाहीतर जो विषय परीक्षकाला आवडत असेल तो. टोल्किन यांनी आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं की असली रूपकं मला नावडतात. वाचकाला आपल्या अनुभवाशी काही जुळवून घ्यायचं तर त्याने खुशाल घ्यावं, पण ते लेखकाने लादलेलं नसावं. लेखकाचं म्हणणं शेवटचं मानू नये, हेही खरं. पण या पद्धतीचा खरा तोटा वेगळाच आहे. एकदा ‘म्हणजे’ सापडलं की जग टाकून देता येतं. अंगठी म्हणजे अणुबॉम्ब असेल तर मग ती नदीच्या तळाशी कशी गेली, ती कुणाला किती वर्षं जगवते, तिच्या मोहाला लहानखुरी, खाण्यापिण्यात रमणारी माणसं उशिरा का बळी पडतात, हे सगळं भुसा ठरतं. आणि ती कादंबरी तर त्या भुशातच आहे.

मराठीत याचं सर्वांत मोठं नुकसान जी. ए. कुलकर्णींच्या वाट्याला आलं. १९२३ साली चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याला जन्मलेले, बेळगावात वाढलेले, धारवाडला आयुष्यभर इंग्रजी शिकवलेले जी. ए. म्हणजे आमचेच. ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा घ्या. काळ सांगितलेला नाही, प्रदेश ओळखीचा नाही, नावं कुठल्या भाषेतली म्हणावीत ते कळत नाही. असं जग मराठीत त्याआधी इतक्या ताकदीने कुणी उभं केलं होतं? पण वर्गात काय शिकवतात? ‘जी. एं.चा नियतिवाद’. परीक्षेच्या गाइडांत, व्याख्यानांत, श्रद्धांजलीच्या लेखांत तेच. त्या कथांना रूपककथा म्हणतात आणि त्यांपैकी काही तशा वाचल्या की छान उलगडतात, हे मी नाकारत नाही. नियती तिथे आहेच. पण नियती मराठी साहित्यात कुठे नाही? ती एका वाड्यातल्या वाटणीच्या कथेतही असते. मग जी. एं.ना वाळवंट, अनोळखी नगरं, भविष्यवाण्या आणि विधी यांचं अख्खं जग का लागलं? ते उभं करायला त्यांनी वाचकाला किती सांगितलं, किती लपवलं? या प्रश्नांना ‘नियतिवाद’ हे उत्तर होत नाही. त्याने प्रश्न फक्त गप्प बसतात.

दुसरा जामीनदार म्हणजे परंपरा. ‘आमच्याकडे हे सगळं आधीपासूनच होतं’ म्हणत पुष्पक विमानापासून सुरुवात होते आणि टाळ्या पडतात. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. रेणुका रोज वाळूचा घडा करून, सापाची चुंबळ डोक्यावर ठेवून पाणी आणत असे, ही कथा सौंदत्तीच्या डोंगरावर चालत जाणाऱ्या बाईसाठी कल्पित विश्व नाही. ती तिच्यासाठी घडलेली गोष्ट आहे, नवसाची आणि भीतीची. फँटसी नावाच्या व्यवहारात लिहिणारा आणि वाचणारा दोघांनाही ठाऊक असतं की हे घडलेलं नाही, आणि तरीही दोघं ते नीट घडल्यासारखं वागवतात. हा करारच वेगळा. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त रेणुका-यल्लम्माचा जो शोध घेतला, तो दैवताचा, श्रद्धेच्या थरांचा शोध होता. ती पद्धत कल्पित कादंबरीला लावली तर हाती फक्त मुळांची यादी लागेल. ही कल्पना इथून आली, तो प्राणी तिथून आला. आणि उलट, कादंबरीची पद्धत यल्लम्माला लावणं हा त्या बाईचा अपमान.

परंपरेचा दाखला द्यायचाच असेल तर निदान कामाचा द्यावा. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या आनंदवर्धनाच्या ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथात तो प्रसिद्ध श्लोक आहे. अपार काव्यसंसारात कवी हाच एक प्रजापती, त्याला जसं रुचेल तसं हे विश्व पालटतं. समर्थक हा श्लोक म्हणतात आणि खाली बसतात. पण त्याच ग्रंथात आनंदवर्धन एक अडचणही उभी करतो. निव्वळ माणूस असलेला राजा सात समुद्र ओलांडतो असं लिहिलं तर ते कितीही भारदस्त असो, रस मरतो. यावर शंका येते की सातवाहनासारखे राजे नागलोकात गेल्याचं आपण ऐकतो, त्याचं काय? उत्तर असं की ज्याच्याबद्दल जेवढं प्रसिद्ध आहे तेवढं खपून जातं. पांडवांसारख्या अर्ध्या दैवी पात्रांना दोन्ही शोभतं. पण मनाने रचलेल्या साध्या माणसाच्या गोष्टीत ते बसवू नये. म्हणजे चमत्काराला हरकत नाही, पण या जगात कुणाला काय करता येतं याची मर्यादा तुम्ही घालून दिली असेल तर ती पाळा. टोल्किन १९३९च्या व्याख्यानात दुय्यम विश्वाच्या, म्हणजे लेखकाने रचलेल्या जगाच्या, आंतरिक सुसंगतीबद्दल जे बोलले, ते याच प्रश्नाच्या आसपास. आम्ही पहिले की ते पहिले, हा वाद मला बालिश वाटतो. दोघांनी एकच अडचण पाहिली आणि दोघं ती बांधकामाची अडचण म्हणून पाहतात, हे कामाचं आहे.

मग पद्धती कोणत्या? इथे आमच्या विद्यार्थ्यांची वेगळीच पंचाईत होते. संशोधन आराखड्यात ‘सैद्धांतिक चौकट’ असा एक रकाना असतो, आणि तो भरण्यासाठी ग्रंथालयात जे नाव सापडेल ते उचललं जातं. बहुधा फ्रेंचमध्ये लिहिणारे समीक्षक त्स्वेतान तोदोरोव्ह. त्यांचं १९७०चं पुस्तक धारदार आहे, पण त्यांचा विषय वेगळा. समोर घडतंय ते भूत की भास, हे ठरत नाही तोवरची घालमेल म्हणजे त्यांचं ‘फँटॅस्टिक’. जिथे ड्रॅगन आहेत हे सगळ्यांना मुळापासून मान्य आहे, तिथे घालमेल कसली? त्यामुळे प्रबंधाचं दुसरं प्रकरण तोदोरोव्हवर असतं आणि तिसऱ्या प्रकरणापासून त्यांचा पत्ता नसतो. लोककथांचे अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन अद्भुतकथांमधून घटनांची ३१ कार्यं, म्हणजे ठरावीक क्रमाने येणारे टप्पे, शोधली. ती कुठल्याही शोधयात्रेच्या कादंबरीवर बसवता येतात, आणि बसवून झाल्यावर कळतं की दोन अगदी वेगळी जगं एकसारखी दिसू लागली आहेत. सांगाडा सगळ्यांचा सारखाच असतो हो. समीक्षक डार्को सुविन यांनी १९७९ साली विज्ञानकथेला विचार करायला लावणारं साहित्य ठरवताना फँटसीला दाराबाहेर ठेवलं. पुढे त्यांनी स्वतःच ती भूमिका बरीच सैल केली, पण आमच्याकडे अजून जुनंच वाक्य उद्धृत होतं.

मला जास्त उपयोगी वाटतात ते फँटसीचे दोन अभ्यासक. ब्रायन अ‍ॅटबेरी म्हणतात, हा प्रकार कुंपणाने ओळखू नका, मध्यावरून ओळखा. मध्यभागी काय आहे याबद्दल सहसा दुमत नसतं, कडा मात्र धूसर असतात आणि धूसरच राहू द्याव्यात. हे वाचताना बेळगावच्या माणसाला हसू आलं नाही तर नवल. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून आम्ही कडेवर राहतो. महाजन आयोगाने १९६७ साली गावं इकडून तिकडे वाटून पाहिली, २००४पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि खानापूरच्या बाजाराला येणारी म्हातारी अजून एका वाक्यात दोन्ही भाषा बोलते. दुसऱ्या फारा मेंडलसन. २००८च्या त्यांच्या पुस्तकाचा प्रश्न साधा आहे. अद्भुत गोष्टीत शिरतं कुठून? कधी पात्र दार ओलांडून पलीकडे जातं, कधी आपण पहिल्या ओळीपासून आतच असतो आणि पात्रांना कशाचंच नवल वाटत नाही, कधी अद्भुत आपल्या जगात घुसतं, कधी उंबरठ्यावरच रेंगाळतं. या कप्प्यांत न मावणारी पुस्तकंही त्या मान्य करतात. पण त्यांचं मला पटलेलं निरीक्षण पुढचं आहे. दार ओलांडून जाणाऱ्या कथांमध्ये त्या जगाचा इतिहास एखादा जाणता वृद्ध सांगतो, आणि तो एकच इतिहास असतो. त्याच्यावर कुणी शंका घेत नाही, नायकही नाही, वाचकही नाही.

हे निरीक्षण दुसरीकडच्या विद्यार्थ्यासाठी एक मुद्दा असेल. आमच्याकडच्या मुलाला ते लहानपणापासून ठाऊक आहे. ज्या शहराचं नाव कुठली पाटी वाचता त्यावर ठरतं, जिथे एकाच किल्ल्याचा इतिहास दोन शाळांत दोन तऱ्हांनी शिकवला जातो, तिथल्या वाचकाला ‘एकच खरा इतिहास’ सांगणारा म्हातारा लगेच संशयास्पद वाटतो. कादंबरीच्या पहिल्या पानावरच्या नकाशाचंही तसंच. स्टेफान एकमान यांनी २०१३ साली फँटसीतल्या नकाशांवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि आपण समजतो तितक्या सर्रास हे नकाशे नसतात, हेही दाखवलं. पण असतात तिथे ते काय करतात? सीमा कुणी आखली, कुठल्या बाजूच्या गावांना नावं आहेत आणि कुठली बाजू नुसती रिकामी आहे, ज्यांची जमीन आहे त्यांच्या भाषेत ती नावं आहेत का? नकाशा म्हणजे कुणाचा तरी दावा, हे पटवून देण्यासाठी आमच्या मुलाला ग्रंथ लागत नाही. आणि हा प्रश्न त्याने विचारला तर तो सीमाप्रश्नाचं रूपक शोधत नसतो. तो त्या जगाच्या बांधकामाकडे एका तयार डोळ्याने बघत असतो.

यावर एक रास्त शंका येईल. राजकीय वाचन मी मागे ढकलतो आहे का? कल्पित विश्वांत वंश असतात, रक्ताची शुद्धता असते, जन्मतः दुष्ट जमाती असतात, राजा परतला की सगळं सुरळीत होतं. जातीच्या देशात हे मुकाट्याने वाचायचं? मुळीच नाही. पण आरोप बाहेरून फेकला तर तो त्या जगाला लागत नाही. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांचं उदाहरण पाहा. १९६८ साली त्यांनी बेटांचं एक जग रचलं, नायक सावळ्या वर्णाचा ठेवला, आणि त्याच जगात ‘बाईच्या जादूसारखं दुबळं’ अशी म्हणही ठेवून दिली. म्हण त्या जगातल्या लोकांची. २२ वर्षांनी, १९९०च्या कादंबरीत त्या तिथेच परत गेल्या आणि त्या म्हणीला धरून बसल्या. जादूची शाळा मुलग्यांचीच का? गावातल्या बाईची विद्या विद्या का नाही? बाहेरचा एकही सिद्धांत न आणता, त्या जगाच्याच नियमांतून ते जग उसवलं. ज्याने पहिल्या कादंबरीतले नियम बारकाईने वाचले नाहीत, त्याला दुसरीतलं बंड दिसणारच नाही. कुणाच्या ज्ञानाला ज्ञान म्हणायचं, हा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे ते मी वेगळं सांगायला नको.

आणि बाहेरची चौकट वापरायचीच तर कशी, याचा वस्तुपाठही याच मातीत आहे. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन १९५०च्या दशकात बेळगावात इंग्रजी शिकवत होते आणि सवड मिळेल तशा लोककथा गोळा करत होते. उत्तर कर्नाटकातल्या एका खेड्यात एका अधू नजरेच्या, निरक्षर म्हातारीकडून त्यांना एक कथा मिळाली. एका मुलीच्या नशिबी स्वतःच्याच मुलाशी लग्न असतं. ती टाळू पाहते, तरी ते घडतं, आणि सगळं उमगल्यावर ती पाळण्यातल्या बाळाला ‘मुला, नातवा, दिरा’ म्हणत अंगाई गाते आणि मग जीव देते. ग्रीक ईडिपसची हीच गोष्ट, पण आईच्या बाजूने. रामानुजन यांनी फ्रॉइड फेकून दिला नाही आणि म्हातारीला फ्रॉइडच्या साच्यातही कोंबलं नाही. कथा कुणाच्या डोळ्यांतून पाहिली आहे, एवढं आधी बघितलं, आणि मग साचा कुठे पुरा पडत नाही ते दाखवलं.

आता करण्याजोग्या कामाबद्दल. जी. एं.चं एकसंबा चिकोडी तालुक्यात आणि घोडगेरी शेजारच्या हुक्केरीत. घोडगेरीत १९३७ साली चंद्रशेखर कंबार जन्मले. ज्ञानपीठ मिळालेल्या या कन्नड लेखकाच्या नाटकांत, कवितांत, कादंबऱ्यांत ‘शिवापूर’ नावाचं गाव पुन्हा पुन्हा येतं, आणि ते गावही सरकारी दप्तरात नाही. दोन शेजारी तालुके, वयात १४ वर्षांचं अंतर, आणि जग रचायच्या दोन विरुद्ध रीती. जी. एं.चं जग एका कथेपुरतं. प्रवासी एकटा, गाव मागे सुटलेलं, कथा संपली की ते जग पुन्हा कधी लागत नाही. कंबारांचं शिवापूर टिकून राहतं. तिथे देवी आहे, गाणी आहेत, गावकरी आहेत, आणि एका कलाकृतीतली माहिती दुसरीत उपयोगी पडते. एकाने लोककथेची माती जाणूनबुजून झटकली, दुसऱ्याने तिच्यावरच घर बांधलं. का? शिक्षणामुळे, जातीमुळे, भाषेच्या स्थितीमुळे, की निव्वळ स्वभावामुळे? माझ्याकडे एक अंदाज आहे, पण तो पुराव्याशिवाय मांडण्यात अर्थ नाही. हा पुरावा गोळा करायला मराठी आणि कन्नड दोन्ही सहज वाचणारा माणूस लागतो, आणि तो पुण्यात किंवा बंगळुरात सापडणं अवघड. आमच्याकडे बीएच्या वर्गात पाच-सहा तरी बसलेले असतात.

मार्गदर्शक मिळणार नाही, ही अडचण लगेच पुढे केली जाईल. मिळणार नाही, हे खरं आहे. मग मराठीचा एक आणि कन्नडचा एक असे दोघं नेमावेत. दोन्ही विभागांतली माणसं चहाला एकाच कँटीनमध्ये भेटतात. पहिला प्रबंध कच्चा निघेल, दुसराही कदाचित. मला त्याची फारशी फिकीर नाही. मी एकच अट घालीन. त्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचं नाव ‘सामाजिक आशय’ नसावं, आणि ‘प्राचीन परंपरा’ तर नसावंच. पहिल्या प्रकरणात ‘इस्किलार’मधल्या जगाची आणि शिवापूरची हद्द कुठे लागते, तिथे मेलेला माणूस परत येऊ शकतो का, आणि देवाने शब्द मोडला तर कुणाकडे दाद मागायची, एवढंच लिहिलेलं असावं. आशय चौथ्या प्रकरणात येऊ दे, आधीच्या तीन प्रकरणांतले पुरावे घेऊन.